कारळाच्या चटणीची बरणी

निपाणी
ता. २६ ऑक्टोबर १९८०

जायचं होतं तर जायचंस, माझी बरणी कशाला नेलीस? घरात तुझ्या लग्नातली परात होती, तांब्याची घागर होती. ती सोडलीस आणि कारळाच्या चटणीची बरणी पदराखाली घालून चालती झालीस. शेजारच्या मालुबाईनं बघितलं. मला म्हणाली, "कोंडाबाई, तुमची नातसून काखोटीला कायतरी मारून बेळगाव गाडीत चढली." मला वाटलं दागिना असेल. दागिना नेला असतास तर मी एवढी भडकले नसते.

बरणी परत धाड. कंडक्टरजवळ दे, मी स्टँडवर येऊन उभी राहते. आणि ती चटणी खाऊ नको. ती सिद्रामची आहे. मी त्याच्यासाठी कुटलेली आहे. एवढी जीभ चळली असेल तर तुमच्या बेळगावच्या खासबागेत कारळ मिळतात, तुझ्या आईला कुटायला सांग.

आता जयभीम. तुझ्या आईलाही सांग, सांगावंसं वाटलं तर.

हे अक्षर माझंच आहे. समाजमंदिरातल्या प्रौढांच्या वर्गाला गल्लीतल्या बिडीवाल्या बायका चार दिवस आल्या आणि पांगल्या, मी तेवढी बसले. दुसऱ्याच्या हातनं लिहून घेतलं असतं तर हे सगळं आज संध्याकाळी नळावर ऐकायला मिळालं असतं. जोडाक्षरं चुकली तर तू लावून घे, तू सातवी शिकलेली.

तू गेलीस ते माझ्या तोंडाला भिऊन, असं सगळीकडं सांगतीस म्हणे. मी काय खोटं बोलले ते दाखव. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सिद्रामचं डोकं फिरलं, ते तू बघितलंस. तंबाखूच्या वखारीत चांगला काट्यावर माल जोखायला होता, तो एक दिवस काटा सोडून म्हणाला, तंबाखूनं भरलेली बोदं माझं नाव घेऊन हाका मारतात. त्याला आई नाही, बाप नाही, मीच बेळगावच्या दवाखान्यात नेला. गोळ्यांनी ठिकाणावर आला, वखारीत परत घेतला. मग ह्या वैशाखात त्यानं गोळ्यांची पुडी गटारात फेकली. "ह्या गोळ्यांनी मला खच्ची केलाय, आज्जी. मी आता बैल झालोय बैल." तुझ्या देखत म्हणाला. तेव्हापासून त्यानं गोळीला हात लावला नाही, हे तुला ठाऊक आहे आणि अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तरी तो भिंतीकडं तोंड करूनच निजायचा. हे मी बघायला आले नव्हते, तूच मालुबाईच्या सुनेजवळ रडलीस आणि ते फिरत फिरत माझ्याकडं आलं.

मग आषाढापासून तू बाजूला बसली नाहीस ते कशानं? दिवसा सूप मांडीवर घेऊन पेंगायचीस. बिडीचं पान कातरता कातरता मान खाली. आणि गणपतीच्या सुमाराला तुझी चोळी वाळत घालताना मी दुधाचा डाग बघितला. मी बाळंत झालेली बाई आहे आणि ह्या गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या नाळा मी कापल्यात. मी विचारलं, कुणाचं? तू म्हणालीस, "मला ठावं न्हाय, आज्जी. मला कायच कळंना."

बाईला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? वखारीच्या मालकाला?

त्या माणसाचं नाव सांग. मी कुणाच्या अंगावर धावून जाणार नाही, माझे गुडघे तसे राहिले नाहीत. पण सिद्राम रोज विचारतो आणि मला सांगायला काही नाही. बरणी मात्र आधी धाड.

कोंडाबाई


निपाणी
ता. ७ डिसेंबर १९८०

बरणी आली नाही. आली ती तुझ्या भावाची चिठ्ठी. शामूचं अक्षर देखणं आहे, मजकूर तुझ्या आईचा. सोनुबाई म्हणते, सुईणीला दाखवलं, पोरीच्या पोटात काही नाही, फुकट आळ घेतला, जाब विचारायला येणार. येऊ दे. चहा टाकते.

पण पोटात नाही तर चोळीला दूध कुठनं आलं, ते सुईणीनं सांगितलं काय? का काढून टाकलंस? लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. हा विचार मी रोज करते, न लिहिता केला म्हणून तो काही सोवळा होत नाही.

आता सिद्रामचं ऐक. तू गेल्यावर थोडे दिवस बरा होता. मग हळूहळू त्याची झोप गेली. मग वखारीत बोद्यांच्या थप्पीवर चढून बसला आणि म्हणाला, काटा खोटं बोलतोय, मी खाली उतरायचा न्हाय. मुकादमानं घरी आणून सोडला. घरात काय करायचा? अंघोळ करायचा, डोक्याला तेल लावायचा, धुतलेला सदरा घालायचा आणि म्हणायचा, "मी तानीला आणाय निघालो." आणि मला तोंडावर म्हणाला, "आज्जी, मी बैल न्हाय आता. अंगात परत आलंय." ह्या शब्दांत म्हणाला. मी तोंड फिरवलं. नातवाच्या तोंडून असलं ऐकायचं माझं वय आहे का?

एक दिवस खरंच निघाला. अनवाणी. हमरस्त्यानं चालत संकेश्वरापर्यंत गेला. साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या एका गाडीवानानं ओळखला आणि रिकाम्या गाडीत घालून परत आणला. रस्ताभर तो त्याला सांगत होता म्हणे, बैल बदल, हे बैल माझ्यावर हसतात.

मला काही समजेना झालं, तानी. डोकं जाग्यावर होतं तेव्हा नवरा नव्हता. डोकं गेलं तेव्हा नवरा परत आला. दोन्ही एका माणसात एकदम मावत नाहीत काय?

आता तुला बरणीचं सांगते, कारण ती तुझ्याकडं आहे आणि तुला वाटत असेल म्हातारी चटणीपायी मरते. त्या चटणीत सिद्रामच्या गोळ्या होत्या. वैशाखात त्यानं फेकल्या, मी दवाखान्यातनं दुसऱ्या आणल्या. लोकांना सांगायची, गुडघ्याचं औषध आणाय चालले. दर खेपेला आणायची आणि सगळ्या एकदम कारळाबरोबर कुटायची. कारळ मुळातच थोडं कडवट, त्यात लसूण, तिखट, मीठ. त्याला पत्ता लागला नाही. रोज कुटायचं म्हटलं तर खलबत्त्याच्या आवाजानं तो विचारायला आला असता. तू नेलीस ती बरणी नुकतीच भरलेली होती. पुढची खेप यायला अवकाश होता. मधल्या दिवसांत हे सगळं झालं.

तू घाबरू नको. तू दुपारी तेल घालून भाकरीबरोबर ती वाटीभर खायचीस, मला दिसत होतं. पण औषध ज्याच्या दुखण्याचं त्यालाच लागू पडतं. दवाखान्याच्या चिठ्ठीवर नाव सिद्रामचं होतं. निरोगी माणसानं खाल्लं तर राख खाल्ल्यागत. मला राग यायचा तो नासाडीचा.

मग मी त्याला गोड बोलून बेळगावला नेला. तिथं एक नवी डॉक्टरीणबाई बसते. धारवाडकडची आहे, कानडीत हेल काढून मराठी बोलते. पोर चांगली आहे पण तिच्याजवळ कागदांचा गठ्ठा आहे आणि ती प्रत्येकाला प्रश्न विचारते. मोठ्या परीक्षेसाठी अभ्यास चाललाय म्हणे, दुखणाइताचा आणि दुखणाइताला सांभाळणाऱ्याचा.

"अज्जी, नातवाला सांभाळताना जीव मेटाकुटीला आला तर तुम्ही काय करता?"

"बिड्या वळते."

"ते काम झालं. जीव मेटाकुटीला आल्यावर काय करता?"

"जोरात वळते."

"देवाचं नाव घेता? कधीच नाही, कधीकधी, का नेहमी?"

"आमच्यात देव न्हाय. वंदना म्हंते. ती ह्या तिन्हीत कशात बसती?"

तिनं पेनाचं टोपण चावलं.

"रडता?"

"कांदा चिरताना."

"मनातलं कुणाजवळ बोलता?"

"कुणी ऐकणारं असतं तर तुझ्या बाकड्यावर कशाला येऊन बसले असते, पोरी?"

हे तिनं लिहून घेतलं. बाकीचं घेतलं नाही. मग सिद्रामला बाहेर धाडून दार लोटून घेतलं आणि हळू विचारलं, "नवरा-बायकोचं कसं चाललंय?"

"बायको माहेरात हाय. काय चालायचंय?"

"त्याच्या आधी?"

मी म्हणाले, "तुझं लगीन झालंय का?"

"नाही."

"मग असलं विचाराय तुला लाज कशी वाटंना?"

ती लाजली नाही. म्हणाली, "अज्जी, ह्या गोळीनं काही पुरुषांचं ते बळ कमी होतं. कुणी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. मग ते गुपचूप गोळी टाकतात आणि दुखणं परत येतं. म्हणून विचारते."

म्हणजे सिद्राम खरं बोलत होता. मी त्याला आळशी म्हटलं होतं, बायकोवर रुसला म्हटलं होतं.

मग तिनं त्याला आत बोलावून विचारलं, गोळी घेतोस का? तो म्हणाला, "वैशाखापासनं गोळीला शिवलो न्हाय. तरीबी मी तसाच हुतो. म्हंजे गोळीचा दोष न्हाय, बाई, माझाच हाय." त्याच्या तोंडावरच मी म्हणाले, "रोज घेत हुता, ह्या महिन्यातच खंड पडला." ती एकदा माझ्याकडं बघते, एकदा त्याच्याकडं. दोघांचंही खरं होतं, पण तिच्या कागदावर ते दोन्ही बसेना. सिद्रामला वाटलं, म्हातारी मला वाचवायला खोटं बोलते. मला तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही. तो माझ्या हातचं खातो, तेवढं एक माझ्याजवळ आहे.

सिद्रामला चटणीचं कळवू नको. त्याला नव्या डब्यातली सुरू केलीय. झोपायला लागलाय. परत भिंतीकडं तोंड करून.

त्या माणसाचं नाव अजून सांगितलं नाहीस.

कोंडाबाई


निपाणी
ता. १८ जानेवारी १९८१

ही चिठ्ठी आईला वाचून दाखवू नको आणि शामूच्या हातात देऊ नको. आधी दार लाव.

परवा गोळ्या आणायला एकटीच बेळगावला गेलते. डॉक्टरीणबाईच्या खोलीबाहेर बसले होते. माझ्याआधी संकेश्वरकडची एक सासू आणि तिची सून आत होती. त्या खोलीचं दार नीट लागत नाही. सुनेला सिद्रामसारखंच दुखणं, तीच गोळी. सासू आत कडकडा बोलत होती, "पोरगा फौजेत, सुटीला येऊन वरीस हून गेलं, आणि हिची पाळी चुकली. छातीला दूध आलंय. आता तुम्हीच सांगा बाई, मी काय समजायचं?"

मी मनात म्हणाले, समजायचं काय आणखी. माझ्याही घरी तेच.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "मामी, मी तपासलंय. हिला मूल नाही. ही गोळी बाईनं खाल्ली की कधीकधी पाळी थांबते. कधी दूधही येतं. गोळीचं काम आहे ते. हिचा दोष नाही."

माझ्या मागं बसलेल्याला मी पुढं जाऊ दिलं. त्याच्या मागच्यालाही जाऊ दिलं. सगळे संपले तेव्हा शिपाई म्हणाला, आजी, बाई आता जेवाय जाणार. मग आत गेले.

"बाई, एकाची गोळी दुसऱ्यानं खाल्ली तर लागू पडती?"

"पडते की. गोळीला काय कळतंय, कोण खातंय?"

"चिठ्ठीवर नाव सिद्रामचं हाय."

"अज्जी, नाव आम्हाला लागतं. गोळीला नाही लागत."

मी तिला चटणीचं सांगितलं. वैशाखापासूनचं. तू वाटीभर खायचीस ते सांगितलं, पेंगायचीस ते सांगितलं, चोळीचं सांगितलं, मी काय म्हणाले तेही सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी उलटून बोलले असते आणि मोकळी झाले असते.

तिनं विचारलं, "सिद्रामला ठाऊक आहे?"

"सांगितलं तर खायचा न्हाय."

"आणि सांगितलं नाही तर? तो स्वतःला बैल म्हणतोय, बायकोवर संशय घेतोय, आणि खरं काय ते तुम्हा एकट्यांना ठाऊक. कसं चालायचं हे?"

"मग तूच सांग काय करू. सांगितलं तर रस्त्यानं अनवाणी जाणार. तुझ्या त्या कागदात असंल की कायतरी."

ती म्हणाली, कागदात नाही. चहातनं देणारे आहेत, आमटीतनं देणारे आहेत, प्रसादातनं देणारी एक बाई आहे. सगळे खालमानेनं सांगतात आणि विचारतात, आम्ही बरोबर केलं का. "मलाही कळत नाही, अज्जी. मी घरी जाऊन ह्याच्यावरच विचार करत बसते."

मग म्हणाली, तुमचं हे लिहून घेऊ का? मी म्हणाले, घे, पण तानीचं नाव घालायचं नाही. तिच्या नावाला आमच्या गल्लीत आधीच बरंच झालंय.

तिनं सांगितलेलं तुझ्यासाठी लिहिते. चटणी बंद झाली की सगळं आपोआप ठिकाणावर येतं. नाही आलं तर खासबागेतनं दवाखाना लांब नाही, तिला जाऊन भेट. कोंडाबाईची नातसून म्हण, ओळखेल.

परत आले ती तशीच बिडी कारखान्याच्या दारात गेले. बिड्या द्यायला सगळ्या बायका जमल्या होत्या. तुझ्या नावाला मी इथंच काळं फासलं होतं, म्हणून इथंच बोलले. मोठ्यानं सांगितलं, तानीच्या पोटात कायबी नव्हतं, माझ्या हातची चटणी खाऊन तिची पाळी गेली हुती. मग मालुबाई म्हणाली, "व्हय का? मग माझ्या सुनेलाबी वाटीभर द्या, चार झाली तिला." सगळ्या एवढ्या हसल्या की मुकादम बाहेर आला. एकीनं मला बाजूला घेऊन समजावलं, "नातसून परत आणायची तर आणा की, कोंडाबाई. एवढी गोष्ट कशाला रचताय?"

भलतं सांगितलं तेव्हा सगळ्यांना पटलं. खरं सांगितलं तर हसल्या. आता ह्याला मी काय करू?

चुकलं माझं, तानी. हे एकदाच लिहिते. पुन्हा वाचावंसं वाटलं तर हाच कागद पुन्हा काढ.

बरणीत चटणी उरली असेल तर खोल खड्डा करून पूर. कोंबडीनं उकरली तर आणखी निस्तरायला नको.

कोंडाबाई


निपाणी
ता. ११ फेब्रुवारी १९८१

तुझ्या आईनं माझं श्रेय यल्लम्माला दिलं! शामूनं कळवलंय. तानीची पाळी पूर्ववत झाली, आईनं सौंदत्तीला नवस बोलला होता तो पावला, आता माघातल्या अहेव पुनवेला डोंगरावर जायचं. इथवर ठीक होतं. पुढं लिहिलंय, सिद्रामलाही घेऊन या, पुरुष असा निकामी होतो तो देवीनं मागितला म्हणून होतो, त्याच्या गळ्यात मोती बांधून त्याला देवीला देऊ, म्हणजे तानी मोकळी.

सोनुबाईला माझ्या शब्दांत सांग. बरणी रिकामी झाली म्हणून पाळी आली. आणि सिद्रामला लुगडं नेसवून दारोदार जोगवा मागायला लावायचा असेल तर आधी माझ्या अंगावरनं जावं लागेल. माझी थोरली बहीण त्याच डोंगरावर सोडलेली. ती कशी जगली ते सोनुबाईला ठाऊक नसेल, मला आहे. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा आम्ही घरातला देवीचा जग आणि परडी नदीत सोडली ती परत काढायला नव्हे. तुझ्या बापानंही सोडली होती, माझ्या शेजारी उभा राहून.

एवढं बोलल्यावर मलाच वाटलं, सोनुबाईला काय बोल लावतेस? तिला जे दिसलं त्याचा तिनं अर्थ लावला. कोंडाबाई, तू चोळीवरचा डाग बघून लावलास तसाच.

म्हणून सिद्रामला सांगितलं. दुपारी जेवत होता. घास तोंडात होता. मी म्हणाले, "ह्या चटणीत तुझी गोळी हाय. वैशाखापासनं हाय."

त्यानं तो घास चावला, गिळला. ताटातच हात धुतला.

दुसऱ्या दिवसापासून घरातलं खायचं बंद. केळी आणायचा, भुईमुगाच्या शेंगा आणायचा, अंडी स्वतः उकडायचा. ज्याला स्वतःची साल आहे तेवढंच खायचं. अंडं फोडायच्या आधी उजेडात धरून फिरवून बघायचा. मी म्हणाले, "मी कोंबडीला काय घालते तेबी बघून ये जा." पूर्वी असल्या बोलण्याला हसायचा. हसला नाही. मी बिड्या वळत बसले. त्या डॉक्टरीणबाईला सांगायला पाहिजे, जोरात वळूनही काही झालं नाही.

मग एकदा शेंगा फोडता फोडता विचारलं, "तानीनंबी खाल्ली?"

"खाल्ली."

"म्हंजे तिचं ते दूध, ते सगळं..."

"व्हय."

टरफलं हातात तशीच. म्हणाला, "मी तिला मारलं हुतं, आज्जी. कोण हाय त्यो सांग म्हणून. दोनदा."

मला हे ठाऊक नव्हतं. तू सांगितलं नाहीस. पण सांगितलं असतंस तरी त्या दिवसांत मी त्याचा हात धरला नसता. तुझ्याच नावानं बोटं मोडली असती. तुला वाटायला नको की म्हातारीला ठाऊक असतं तर तिनं वाचवलं असतं.

त्यानंतर तो आपण होऊन बेळगावला गेला. मी बरोबर गेले, पण ह्या खेपेला बाहेर बसले, दारापासून लांब. डॉक्टरीणबाईनं गोळी कमी केली. परतीच्या गाडीत मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "कमी गोळीनं ते बळ यील, कदाचित यायचं न्हाय. डोकं ऱ्हाईल, कदाचित ऱ्हायाचं न्हाय. बघत बघत जायचं."

"म्हंजे कायच सांगितलं न्हाय म्हण की."

"ठाऊक हाय तेवढं सांगितलं म्हणाली. आणि म्हणाली, बायकोला इच्यारल्याबिगर तू आणि तुझी आज्जी दोघंच ठरवत बसू नका."

आता गोळ्यांची पुडी त्याच्या सदऱ्याच्या खिशात असते. मी हात लावत नाही. रोज सकाळी एक काढून तळहातावर घेतो आणि मला विचारतो, "आज्जी, ही घेतली आणि मी तसाच ऱ्हायलो, तर तानी नांदायला यील? न घेतली आणि डोकं गेलं, तर यील?" मी म्हणते, आधी घे, मग बोल. तो म्हणतो, आधी सांग, मग घेतो. रोज घेतो शेवटी. काल घेतली नाही. कागदात परत गुंडाळून खिशात घातली आणि वखारीकडं गेला.

मला चटणी कुटता येते, कारळ अजून डब्यात आहेत. आज सकाळी खलबत्ता बाहेर काढला होता. परत ठेवला. का ठेवला ते मला नीट सांगता येत नाही. त्याला काल भाकरी खाताना बघितलं, माझ्या हातची, चुलीवरनं सरळ ताटात घेऊन. त्यामुळं असेल.

तू ये असं मी लिहिणार नाही. माझ्या तोंडानं तू गेलीस, माझ्या तोंडानं ये म्हटलं तर त्याला काय किंमत. येऊ नको असंही लिहिणार नाही. आलीस तर मी तुझ्या ताटाला आणि चुलीला हात लावणार नाही, मी माझं वेगळं शिजवून घेईन. बरणी तुझ्याकडंच राहू दे. राखेनं घास, उकळतं पाणी घाल, चार दिवस उन्हात ठेव. मग तिच्यात काय भरायचं ते तू ठरव.

ह्या चिठ्ठीचं उत्तर मला नको. सोनुबाईनं सांगायचं नाही, शामूनं लिहायचं नाही. पाकिटावर सिद्रामचं नाव घाल, मी फोडणार नाही. यायचं का नाही, काय असलं तर यायचं, त्यानं मारलं त्याचं काय, सगळं त्याला लिही. हो लिही नाहीतर नाही लिही, पण उद्याच्या टपालात पडलं पाहिजे, आणि अक्षर तुझं पाहिजे.

कोंडाबाई